माखलेले हात काय शिकून राहिले: लहान लेकरांच्या रंग-चिखलाच्या खेळाबद्दल, सोप्या भाषेत

वाटी ओळखायला लेकराला फार वेळ लागत नाही. स्टीलची असो, प्लास्टिकची असो, उपडी पडलेली असो, आकार तोच राहतो, एकदा "वाटी" म्हटलं की झालं. पण वरण? वाटीत असलं की वाटीच्या आकाराचं, ताटात ओतलं की पसरट, भातावर टाकलं की गायब, आणि फरशीवर सांडलं की तिसरंच काही. मग त्या दीड वर्षाच्या जिवाने वरण म्हणजे नेमकं काय हे ओळखावं कसं? नुसतं बघून जमत नाही. हात घालावा लागतो, बोटांमधून गळू द्यावं लागतं, चाटावं लागतं, थोडं स्वतःच्या मांडीवर ओतून बघावं लागतं. आणि बरोबर तेवढ्यातच आपण ओरडतो, "काय करून राहिला रे, सगळं माखवलं!"

हे मी मनाने नाही सांगत. अमेरिकेत आयोवा विद्यापीठात लॅरिसा सॅम्युएलसन यांच्या टीमने याच्यावर काम केलं, २०१३ मध्ये ते छापून आलं. १६ महिन्यांच्या लेकरांपुढे १४ पातळ-मऊ पदार्थ ठेवले, ज्यूस, सूप, सफरचंदाचा गर असे, प्रत्येकाला एक खोटंखोटं नाव दिलं आणि जरा वेळाने तोच पदार्थ वेगळ्या आकारात ठेवून विचारलं की सांग बरं तो कोणता. ज्या लेकरांनी चिवडलं, दाबलं, तोंडात घातलं, फेकलं, त्यांना नावं जास्त बरोबर सापडली. आणि जेवायच्या उंच खुर्चीत बसवलेली लेकरं जास्त माखली आणि जास्त बरोबरही निघाली, कारण ती जागाच त्यांच्यासाठी हात घालून खायची. आपल्याकडे उंच खुर्ची नसते, मांडी असते आणि पुढ्यात ताट असते, पण गोष्ट तीच.

म्हणजे घट्ट वस्तू डोळ्याला कळते, पातळ वस्तू हाताला. एवढं धरून चला, बाकी सगळं त्याच्यातूनच निघतं.

आता हाताला कळतं म्हणजे होतं काय. आपल्या एका हाताच्या तळव्यात, बोटं धरून, दाब आणि स्पर्श टिपणारी सुमारे १७,००० टोकं असतात, आणि ती सगळी एकाच कामाची नाहीत. काहींना नुसतं टेकलेलं कळतं, काहींना घसरणं, काहींना थरथर, काहींना कातडी ताणली गेलेली. थंड-गरम सांगणारी आणखी वेगळी. लेकराने गार ओल्या चिखलात हात खुपसला की हे सगळे एकदम बोलायला लागतात, वरून स्नायू आणि सांधे सांगतात की जोर किती लावला, आणि ही सगळी खबर मेंदूत स्पर्शाची जी एक पट्टी आहे तिथं पोचते. ती पट्टी कशी वाटलेली आहे हे कॅनडातल्या मॉन्ट्रियलचे सर्जन वाइल्डर पेनफिल्ड यांनी दाखवलं. फिट्सच्या पेशंटचं ऑपरेशन करताना ते पेशंटला जागं ठेवायचे, मेंदूला ठिकठिकाणी हलकासा करंट द्यायचे आणि विचारायचे, कुठं जाणवलं? त्याच्यावरून १९३७ साली त्यांनी नकाशा मांडला. त्या नकाशात एवढी मोठी पाठ, तिच्या वाट्याला धुरा-बांधाएवढी जागा, आणि बोटं, ओठ, जीभ यांनी वावरच्या वावर बळकावलेलं. लेकरू मिळेल ते आधी तोंडात का घालतं याचं उत्तर इथंच आहे, त्याच्याकडे तपासायची सगळ्यात तेज जागा तीच असते.

आणि हे वय म्हणजे मेंदूतल्या पेशींच्या जोडण्या तयार व्हायचं वय. सुरुवातीच्या वर्षांत मेंदूत सेकंदाला दहा लाखांहून जास्त नव्या जोडण्या होतात, ज्या वापरात येतात त्या पक्क्या होतात, ज्या येत नाहीत त्या पुढे छाटल्या जातात. याचा अर्थ चिखलात खेळलं की पोरगं कलेक्टर होते असा नाही, तसं सांगणारे व्हिडिओ बम आहेत, त्यांच्या नादी लागू नका. अर्थ एवढाच की हाताला नाना तऱ्हेचं काही मिळालं पाहिजे. मोबाईलच्या काचेवर पाणी, आग, वाघ, आंबा सगळं एकाच स्पर्शाचं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितलंच आहे की दोन वर्षांच्या आतल्या लेकरांना बसवून स्क्रीन दाखवू नका आणि दोन ते चार वर्षांच्या लेकरांना दिवसाला एक तासाच्या वर नको. कापूस वेचायच्या हंगामात घरी एकटी आजी आणि दोन नातवंडं असली की मोबाईल हातात जाणारच, ते मला समजते, पण त्याच आजीला एक कोपर (म्हणजे पसरट परात) आणि तांदळाच्या पिठाची शिजवलेली खळ दिली तर तिचाही तासभर बरा जातो.

अजून एक गोष्ट, हाडांची. मनगटात आठ लहान हाडं असतात, आणि जन्मताना ती हाडं नसतातच, नुसती कुर्चा असते, म्हणजे हाडाच्या जागी मऊ-लवचिक भाग. वर्षाच्या लेकराच्या मनगटाचा एक्स-रे काढला तर साधारण दोनच हाडं दिसतात, बाकीची हळूहळू, एकेक करत पुढच्या कितीतरी वर्षांत तयार होतात. आणि आपण अडीच वर्षाच्या पोराच्या हातात पेन्सिल देऊन "अ" गिरव म्हणतो, तालुक्याच्या कॉन्व्हेंटला ॲडमिशन घ्यायची आहे म्हणून! त्या वयात मुठीत खडू धरून रेघोट्या मारणं हेच बरोबर आहे. साधारण दीड वर्षाच्या आसपास लेकरू रेघोट्या मारायला लागतं, दोनच्या आसपास बघून उभी रेघ ओढतं, तीनच्या आसपास गोल. अक्षर त्याच्या बरंच पुढे. हाताची ताकद दाबण्यातून, पिळण्यातून, चिमटीत धरण्यातून येते, ओला फडका पिळू द्या, कणकेची गोळी दाबू द्या, चिखलाचा बैल करू द्या.

याला आता "सेन्सरी प्ले" म्हणतात आणि रीलवर त्याचे किट विकतात, डब्यात रंगीत वाळू, रंगीत मणी, प्लास्टिकचे प्राणी, किंमत बघून डोळे फिरतात. आपल्या विदर्भात पोळ्याला मातीचे बैल होतात, भुलाबाईच्या मूर्ती होतात, आंगणात सडा-सारवण होते, लेकरं त्याच्यातच लोळत मोठी झाली. तारा‍बाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये तेव्हाच्या ठाणे (आता पालघर) जिल्ह्यातल्या बोर्डीला आणि पुढे कोसबाडला आदिवासी पाड्यांवरच्या लेकरांसाठी बालवाडी चालवली, तेव्हा मॉन्टेसरीचं महागडं लाकडी साहित्य बाजूला ठेवून पानं, बिया, खडे, शिंपले असं अंगणातलंच घेतलं होतं. अंगणवाडी हे नाव आणि ती कल्पना त्याच कामाशी जोडलेली आहे, आणि २ ऑक्टोबर १९७५ ला एकात्मिक बालविकास योजना सुरू होऊन ती देशभर गेली. २०२४ मध्ये केंद्राने जन्मापासून तीन वर्षांपर्यंतच्या लेकरांसाठी "नवचेतना" नावाचा आराखडा काढला, त्याच्यातही भर घरच्या वस्तूंनी, घरच्याच माणसांनी खेळवण्यावर आहे. तर किट राहू द्या.

खळीपासून सुरू करा. एक वाटी तांदळाचं पीठ चार वाट्या पाण्यात आधी थंडच कालवायचं, गुठळ्या मोडायच्या, मग गंजात (पातेल्यात) टाकून मंद आचेवर हलवत राहायचं, घट्ट चकचकीत झालं की उतरवायचं आणि पूर्ण थंड होऊ द्यायचं. बोट घालून बघा, मधात गरम राहते बऱ्याचदा. मीठ टाकायचं नाही. बाहेरच्या रेसिपीत टिकावं म्हणून मूठभर मीठ सांगतात, पण लहान लेकराने ते गोळा-गोळा खाल्लं तर रक्तातलं मीठ वाढून जीवावर बेतू शकते. आपल्याला टिकवायचंही नाही, सकाळी केलेली खळ दुपारपर्यंत संपवायची, एप्रिल-मे मध्ये तर ती तशीही आंबते. कच्चं पीठ कालवून देण्यापेक्षा शिजवलेलं बरं, कारण कच्च्या पिठात पोट बिघडवणारे जंतू असू शकतात. पोळ्या लाटताना कणकेची गोळी आपण सगळेच देतो, देत राहा, फक्त ती खाऊन टाकत नाही ना एवढं बघा.

रंगाचं म्हणाल तर घरात आणि शिवारात आहे सगळं. हळद पिवळी. बीट किसून पिळलं की गुलाबी. पालक वाटला की हिरवा. फागुनात पळसाची फुलं रात्रभर पाण्यात टाकली की सकाळी केशरी-पिवळं पाणी तयार, आपल्या रानात तर तेव्हा झाडाला पान नसते पण फूल असते. अंबाडीची लाल बोंडं उकळली की असा लाल रंग येतो की विकतचा काय येईल, आणि त्याच्यात चिमूटभर खायचा सोडा टाकला की लाल पाणी डोळ्यासमोर जांभळट-हिरवट होते. हळदीत सोडा टाकला तर उलट, पिवळ्याची लाल. लेकराला त्याच्यातली केमिस्ट्री कळायची गरज नाही, पण दोन-अडीच वर्षाचं लेकरू "अजून, अजून" करतं तेव्हा ते खरं तर कारण आणि परिणाम शोधून राहिलेलं असते. सोडा तुम्हीच टाका. आणि हळदीसोबत चुना वापरायचा नाही, रंग चांगला येतो पण चुना डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकतो. हळद होईल तर हळकुंड आणून घरी दळलेली घ्या, सुट्या पावडरमध्ये पिवळेपणासाठी शिसं असलेला रंग मिसळलेला ठिकठिकाणी सापडला आहे. होळीचे बाजारचे रंग तर अजिबात नको.

कोपरात दोन चमचे खळ, एका कोपऱ्यात हळद, एका कोपऱ्यात बीटचा रस, एवढंच ठेवून दीड वर्षाच्या एका पोरीला बघा. आधी एकच बोट लावते. बोट वर उचलते, खळीची तार ओढली जाते, तुटते. ती तुटली तिथंच बघत राहते. परत लावते. मग पंजा. मग दोन्ही पंजे, आणि कोपराच्या तळाला घासल्याचा चुईं आवाज आला की थांबून आजीच्या तोंडाकडे बघते. आजी म्हणते, "गिळगिळीत लागते का वं माय?" झालं, "गिळगिळीत" हा शब्द हातातून कानात आणि कानातून डोक्यात गेला. पिवळं आणि गुलाबी मिळून नारिंगी झालं ते तिच्या लक्षातही आलं नसेल, ते पुढच्या वेळी. मग एक पंजा पोटावर, एक पंजा भिंतीवर.

त्या आजीने जे केलं तेच मोठ्या माणसाचं काम, बाकी काही शिकवायचं नसते. हाताला जे लागून राहिलं त्याला नाव द्या, चिकट, खरबरीत, लिबलिबीत, ओलं, गार, भुसभुशीत. आपल्या बोलीत असे शब्द ढिगाने आहेत, वापरा. "काय काढलं बाळा?" मात्र विचारू नका. त्याने काहीच काढलेलं नसते, ते बोटं फिरवून राहिलं असते आणि मग आपण खूश व्हावं म्हणून ते "हम्मा" म्हणून टाकते. भिंतीवर लावायला सुंदर चित्र पाहिजे असेल तर ते तुम्ही काढा.

मातीकडे येऊ. आपल्याकडची काळी माती खेळायला जबरदस्त, आणि त्याला कारण आहे. तिच्यात पाणी पिऊन फुगणारी चिकणमाती भरपूर असते, म्हणून पावसाळ्यात चपलेला किलो-किलो चिकटते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. म्हणजे एकाच मातीचे किती खेळ, कोरडं ढेकूळ फोडायचं, थोडं पाणी टाकून मळायचं, जास्त पाणी टाकून रेंदा करायचा, उन्हात ठेवून परत दगडासारखी झाली का बघायचं. भंडारा-गडचिरोलीकडे माती वेगळी, तिकडची बोडीकाठची (लहान तळ्याकाठची) वाळूमिश्रित घ्या, तीही छान, हातातून सुटते.

फक्त माती कुठली ते बघून. गोठ्याजवळची, उकिरड्याजवळची, संडासच्या मागची नको, आणि फवारलेल्या वावरातली तर नकोच. एका बाजूची स्वच्छ माती खणून, चाळून, दोन-चार दिवस कडक उन्हात पातळ पसरवून ठेवा. त्याने सगळेच जंत मरतात असं नाही, पण बरेच कमी होतात. "माती खाल्ली की ताकद वाढते" असं म्हणणारी बुढी प्रत्येक घरात असते, तिला मान द्या पण माती खाऊ देऊ नका. जंताची अंडी मातीतूनच पोटात जातात. अंगणवाडीत वर्षातून दोनदा, साधारण फेब्रुवारी आणि ऑगस्टमध्ये, अल्बेंडाझोलची गोळी देतात, एक ते दोन वर्षांच्या लेकराला अर्धी, त्याच्या वरच्यांना पूर्ण, ती चुकवू नका. १६ ते २४ महिन्यांचा ट्रिपल लसीचा (डीपीटी) बूस्टरही झालेला पाहिजे, धनुर्वाताचं संरक्षण त्याच्यात असते. आणि एखादं लेकरू खेळताना नाही तर रोज लपून-लपून मातीच खात असेल तर ते रक्त कमी असल्याचं लक्षण असू शकते, दवाखान्यात दाखवा.

आता धोक्याचं नीट वाचा, कारण शहरातल्या व्हिडिओत जे सांगतात ते आपल्या घराला पुरत नाही. आपल्या घरात बियाणं असते. सरकीला, सोयाबीनला पेरणीआधी जे गुलाबी-निळं औषध लावलेलं असते ते विष आहे, आणि दाणे दिसायला एकदम खेळण्यासारखे. औषधाचे रिकामे डबे, झाकणं, मोजमापाचे कप, पंपाची नळी, यातलं काहीच खेळात येता कामा नये, कितीही धुतलं तरी. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने मोठी माणसं गेली, लेकराला तर थेंबही जास्त होतो. खताचं पोतं खाली अंथरायचं नाही, जुनं लुगडं नाही तर धुतलेली सतरंजी घ्या.

औषध न लावलेले साधे दाणेसुद्धा, हरभरा, तूर, सोयाबीन, शेंगदाणे, चिंचोके, तीन वर्षांच्या आत नको. रीलवर टोपलंभर दाण्यात लेकरू बसवतात, दिसायला मस्त, पण एक दाणा श्वासनळीत गेला की भूल देऊन दुर्बिणीने काढावा लागतो, आणि ती सोय आपल्याकडे तालुक्याला नसते, नागपूर-अमरावती गाठावं लागते. पाण्यात फुगणारे ते रंगीत जेलीचे मणी जत्रेत मिळतात, ते घरातच आणू नका, पोटात जाऊन आतड्यात फुगतात आणि एक्स-रेत सहसा दिसतही नाहीत. साठवलेल्या कापसावर उड्या मारायला लेकरांना लय आवडते पण त्याच्यात बसून अंगाला खाज सुटते, मूठभर स्वच्छ कापूस मांडीवर घेऊन दाखवा. पाण्याचा खेळ असला की हात लांबवला तर लेकराला लागेल एवढ्याच अंतरावर बसा, एवढंसं लेकरू बादलीतल्या वीतभर पाण्यातही बुडू शकते, आणि खेळ झाला की बादली लगेच उपडी. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या वर जातो, फरशी आणि माती दोन्ही भाजतात, तेव्हा खेळ सकाळी आठच्या आत नाही तर दिवस मावळल्यावर.

काही लेकरं हात लावतच नाहीत. खळ दिसली की मुठी आवळतात, रडतात. जबरदस्तीने हात बुडवायचा नाही, त्याने भीती पक्की होते. चमचा द्या, काडी द्या, चिखल प्लास्टिकच्या पन्नीत बांधून वरून दाबायला द्या, पन्नी मात्र तुमच्या नजरेसमोर. आधी कोरडं, मग दमट, मग ओलं. कित्येकांचा हळूहळू हात सुटतो, आणि काही जणांना शेवटपर्यंत चिकट आवडतच नाही, तेही चालते, मोठ्यांमध्ये पण आंबा हाताने न खाणारे असतातच ना. पण हात न लावण्यासोबत लेकरू दीड वर्षाचं होऊन बोट दाखवत नसेल, नावाने हाक मारल्यावर बघत नसेल, एकही शब्द नसेल, तर वाट बघू नका. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे, त्याची डॉक्टरांची टीम वर्षातून दोनदा अंगणवाडीत येते, तिथं दाखवा, पुढे जिल्ह्याच्या ठिकाणी तपासणी आणि थेरपी फुकट होते.

सासूबाईंचा प्रश्न राहिला, अन्नाची नासाडी. प्रश्न खोटा नाही. म्हणून वाटीभर पिठाच्या वर जायचं नाही, आणि तेही परवडत नसेल तर तांदूळ धुतलेलं पाणी, भाताची पेज, कोंडा, केळीची सालं, कोथिंबिरीच्या काड्या, सगळं चालते. खळीत मीठ-साबण काही नसल्याने उरलेली गाईच्या टोपल्यात टाकता येते. लेकरू कपडे काढून नुसत्या चड्डीवर बसवा, जागा न्हाणीजवळची घ्या, पंधरा-वीस मिनिटांत त्याचं मन भरते, तिथंच अंघोळ, नखं बघून हात साबणाने धुवा. हळदीचा डाग पडला तर घाबरू नका, साबण लावल्यावर तो आधी लालभडक होईल, तो सोड्याचाच प्रकार आहे, धुऊन ओलाच दोरीवर कडक उन्हात टाका, आपल्याकडच्या उन्हात पिवळा एक-दोन दिवसांत उडून जातो. बीटचा मात्र लगेच थंड पाण्यात खंगाळा, वाळला की निघायला नखरे करते.